क्लच प्लेट नवी, तरी ट्रॅक्टर ओढत का नाही?

फडातून भरलेली ट्रॉली बाहेर काढायची आहे. बांधापाशी थोडा चढ. ड्रायव्हर रेस वाढवतो, इंजिन बोंबलायला लागतं, पण ट्रॅक्टर जागचा हलत नाही. मागची चाकं चिखलात गरगरतही नाहीत, नुसती उभी. मिनिटभरात पायाखालून जळका वास येतो. गळीत हंगाम सुरू झाला की पंधरा-वीस वर्षं जुन्या ट्रॅक्टरच्या मालकांना हा वास चांगलाच ओळखीचा होतो. मग निदानही ठरलेलं असतं: "प्लेट गेली."

प्लेट गेलीच असेल. पण का गेली, हे न विचारता नवी टाकली तर तीही जाते. आमच्या घरच्या जुन्या ३५ एचपी ट्रॅक्टरला एका वर्षात दोन प्लेटा लागल्या आणि तिसरीची तयारी चालली होती. ती गोष्ट पुढे येईलच. आधी क्लच म्हणजे काय ते बघू.

वही आणि दोन तळहात

शाळेची वही दोन तळहातांमध्ये घट्ट दाबून धरा आणि हात गोल फिरवा. वही हाताबरोबर फिरते. पकड ढिली केली की हात फिरतो, वही राहते. आता हाताला तेल लावा. कितीही दाबा, वही निसटणारच.

क्लच एवढाच आहे. एक तळहात म्हणजे फ्लायव्हील, इंजिनच्या मागच्या टोकाला बसवलेलं जड लोखंडी चाक. दुसरा तळहात म्हणजे प्रेशर प्लेट, जिला ताठ स्प्रिंगा सतत फ्लायव्हीलकडे ढकलत असतात. मधली वही म्हणजे क्लच प्लेट. तिच्या दोन्ही बाजूंना ब्रेकसारखं लायनिंग असतं आणि तिचा मधला भाग गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसलेला असतो. पाय पेडलवर नसतो तेव्हा स्प्रिंगांनी प्लेट दाबून धरलेली असते आणि ताकद गिअरबॉक्सकडे जाते. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग पुढे सरकतं, प्रेशर प्लेटवरच्या छोट्या तरफा दाबतं (यांना मिस्त्री फिंगर म्हणतात) आणि पकड सुटते.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: पेडल क्लच लावत नाही, सोडवतं. पकड स्प्रिंगांची असते. पुढचं अर्धं निदान यावरच उभं आहे.

थोडं गणित, ट्रॅक्टर कधी घसरतो ते कळण्यापुरतं

३५ एचपीचं इंजिन २००० फेऱ्यांवर पूर्ण ताकदीनं चालतं असं धरलं, तर त्याच्या टोकाशी पीळ येतो सुमारे १२५ न्यूटन मीटर. म्हणजे मीटरभर लांब पान्याच्या टोकाला तेरा किलोचं वजन टांगल्यावर नटाला जेवढा पीळ बसेल, तेवढा. ११ इंची कोरडी प्लेट एवढा पीळ न घसरता पेलायची, तर तिच्यावर साधारण २०० किलोचा दाब हवा. बनवणारे काठावरचं गणित करत नाहीत. समजा त्यांनी दुप्पट, म्हणजे ४०० किलो दाब ठेवला.

आता त्या प्लेटवर तेल आलं. कोरड्या लायनिंगची पकड एक धरली, तर तेलकट लायनिंगची एक तृतीयांशाच्या आसपास उरते. २५० न्यूटन मीटर पेलणारा क्लच आता जेमतेम ८५ पेलतो. मोकळा ट्रॅक्टर गावात फिरवायला, फवारणीचा पंप चालवायला, सरी पाडायला ८५ पुरतात. म्हणून मालक शपथेवर सांगतो, "परवापर्यंत एकदम बरोबर होता." पलटी नांगर खोल लावला किंवा वरच्या गिअरमध्ये भरल्या ट्रॉलीनं चढ धरला, की इंजिन पूर्ण १२५ मागे ढकलतं आणि क्लच हात टेकतो. खालच्या गिअरमध्ये तोच चढ ट्रॅक्टर चढून जातो, कारण तेव्हा क्लचवर तेवढा पीळ येतच नाही. त्यामुळे घसरणं आधी वरच्या गिअरमध्ये दिसतं आणि हळूहळू खाली उतरत येतं.

नुसतं १० टक्के घसरणं म्हणजे किती? ३५ एचपी म्हणजे २६ किलोवॅट. त्याचे १० टक्के, अडीच किलोवॅटपेक्षा जास्त उष्णता, त्या बंद डब्यात. आंघोळीचा गिझर २ किलोवॅटचा असतो. लायनिंग करपतं, स्प्रिंगा तापून नरम पडतात, दाब कमी होतो, मग आणखी घसरतं. एकदा सुरू झालेलं घसरणं म्हणूनच आपोआप थांबत नाही.

हा क्लचच आहे ना?

"ओढत नाही" या एका वाक्यात तीन वेगळे आजार लपतात.

लोड आल्यावर इंजिनचा आवाज खाली बसत असेल, ते दबत असेल, तर दुखणं इंजिनचं: डिझेल फिल्टर, एअर क्लीनर, पंप, नोझल. आवाज चढतो आणि मागची चाकंही गरगर फिरतात, तर टायर घसरतायत. वजन कमी आहे किंवा टायर गुळगुळीत झालेत. आवाज चढतो आणि चाकं मात्र तेवढ्या प्रमाणात फिरत नाहीत, तेव्हाच क्लच. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला सीटवर बसून हे नीट दिसत नाही. कुणाला तरी लांब बाजूला उभं करून मागच्या चाकाकडे बघायला सांगा.

आणखी खात्री हवी असेल तर ट्रॉली सोडून सपाट मोकळ्या जागी ट्रॅक्टर उभा करा. दोन्ही ब्रेक पेडलं कडीनं जोडा, ब्रेक पूर्ण दाबा, सगळ्यात वरचा गिअर टाका, मध्यम रेस ठेवून क्लच हळू सोडा. इंजिन लगेच दबून बंद पडलं तर पकड आहे. पेडल पूर्ण सुटलं तरी इंजिन चालूच आहे, म्हणजे आत प्लेट घसरतेय. पुढे-मागे माणूस, जनावर, भिंत काही नको. आणि ही चाचणी एकदाच करायची, दोन सेकंदांत. मित्राला दाखवायला, मग मिस्त्रीला दाखवायला, मग व्हॉट्सअॅपला टाकायला असं तीनदा केलंत तर बऱ्यापैकी प्लेटही तिथंच जाईल. ब्रेक ढिले असतील तर चाचणीला अर्थ नाही.

याच्या नेमका उलटा आजारही असतो: पेडल दाबूनही क्लच सुटत नाही, गिअर टाकताना कर्रकर्र आवाज येतो. पावसाळाभर एका जागी उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरची प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते, तेव्हाही हेच होतं. तो आजार वेगळा, त्याचा उपाय वेगळा. दोन्हींची गल्लत झाली की मिस्त्री पेडलचा रॉड चुकीच्या बाजूला फिरवतो.

पहिली तपासणी फुकटची: पेडलचा प्ले

पेडल पायानं नाही, हातानं दाबा. सुरुवातीला थोडा भाग अगदी हलका जातो, मग एकदम स्प्रिंगांचा जोर जाणवतो. तो हलका भाग म्हणजे प्ले. बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांत तो २० ते ३० मिलिमीटरच्या आसपास असतो. नक्की आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात मिळेल. पट्टी लावून मोजा, अंदाजानं नको.

इथं बहुतेकांची फसगत होते. सायकलच्या ब्रेकचं रबर झिजलं की लिव्हर जास्त दाबावा लागतो. क्लचचंही तसंच असेल असं वाटतं. पण इथं उलटं आहे. लायनिंग झिजून पातळ झालं की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, आणि तरफेच्या नियमानं फिंगरची आतली टोकं मागे, रिलीज बेअरिंगकडे येतात. तरफेचा हा हात लांब, त्यामुळे प्लेट मिलिमीटरभर झिजली तरी टोक त्याच्या काही पट सरकतं. म्हणजे प्लेट झिजते तसा प्ले वाढत नाही, कमी होतो. शेवटी तो शून्य होतो, बेअरिंग फिंगरना कायम टेकून राहतं, आणि ड्रायव्हरनं पाय पेडलवर ठेवूनच दिवसभर गाडी चालवावी तशी अवस्था होते. प्लेटमध्ये अजून जीव असतो, पण स्प्रिंगांना ती पूर्ण दाबू दिली जात नाही.

उपाय: पेडलच्या रॉडचा चेकनट ढिला करायचा, रॉडची लांबी बदलून प्ले परत आणायचा, नट आवळायचा. दहा मिनिटांचं काम. लायनिंग शिल्लक असेल आणि घसरणं नुकतंच सुरू झालं असेल, तर पुष्कळदा ट्रॅक्टर इथंच बरा होतो. पेडलचा पिव्होट गंजून पेडल पूर्ण वर येत नसेल तरी परिणाम तोच. तिथं थोडं ग्रीस हवं असतं.

"प्ले बरोबर आहे, तरी घसरतो"

मग ट्रॅक्टरखाली जा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या घंटेसारख्या भागाला, म्हणजे क्लच हाउसिंगला, तळाशी एक छोटं भोक असतं. बऱ्याच मॉडेलमध्ये त्यात एक लोखंडी पिन ढिली लोंबकळत ठेवलेली असते. ती हलत राहावी आणि भोक मातीनं बुजू नये, एवढंच तिचं काम. जुन्या ट्रॅक्टरवर हे भोक चिखल-तेलाच्या लगद्यानं हमखास बंद सापडतं. काही महाभाग तिथं बोल्ट मारून टाकतात, "तेल गळायचं थांबलं" म्हणून! तेल गळायचं थांबलेलं नसतं. ते आत साठून फिरत्या फ्लायव्हीलवरून प्लेटवर उडतं.

आमच्या ट्रॅक्टरचं हेच झालं होतं. दोन वेळा एका गॅरेजात प्लेट बदलली, दोन्ही वेळा काही आठवड्यांत घसरणं परत सुरू. तिसऱ्या वेळी दुसऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला बोलावलं. त्यांनी वर काही बघितलंच नाही. पोतं अंथरून खाली झोपले, स्क्रूड्रायव्हरनं ते भोक खरवडलं, आणि बोटाला आलेला काळा थेंब आमच्या आण्णांना दाखवला. "प्लेटीचं काय नाही हो यात. सील बघा."

तेलाच्या रंगावरून ते कुठून येतंय ते सांगता येतं. काळं, पातळ तेल म्हणजे इंजिन ऑइल. क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या शाफ्टचं) मागचं सील, म्हणजे तेल अडवणारी कडी, गेलंय. जाड, पिवळट, उग्र वासाचं म्हणजे गिअर ऑइल. गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचं सील. काळपट गोळे आले तर बेअरिंगला कुणीतरी प्रेमानं ग्रीसगन रिकामी केली आहे.

भोक कोरडं निघालं, प्लेही बरोबर, तर मग लायनिंग संपलंय किंवा स्प्रिंगा थकल्यात. हे उघडल्याशिवाय कळत नाही.

दोन प्लेटांचे ट्रॅक्टर

अनेक ट्रॅक्टरांत ड्युअल क्लच येतो. पेडल अर्धं दाबलं की चाकांची ताकद तुटते, पूर्ण दाबलं की पीटीओचीही. पीटीओ म्हणजे मागचा फिरता शाफ्ट, ज्यावर रोटाव्हेटर चालतो. इथं प्लेटा दोन असतात आणि एकच घसरत असू शकते. ट्रॅक्टर पुढे जातोय पण कडक मातीत रोटाव्हेटर मंदावतोय, तर पीटीओची प्लेट. रोटाव्हेटर जोरात आणि ट्रॅक्टर अडतोय, तर चाकांची. मात्र आधी रोटाव्हेटरच्या शाफ्टवरचा स्वतःचा सेफ्टी क्लच किंवा जादा जोर आला की तुटणारा शिअर बोल्ट बघून घ्या, नाहीतर पाच रुपयांच्या बोल्टासाठी ट्रॅक्टर उघडला जाईल.

उघडल्याशिवाय काही जुगाड?

भोकातून पेट्रोल मारून प्लेट धुण्याचा सल्ला गावागावांत मिळतो. लायनिंग सच्छिद्र असतं. शोषलेलं तेल वरवर धुऊन निघालं तरी तापल्यावर पुन्हा पाझरतं. आणि बंद हाउसिंगमध्ये पेट्रोलची वाफ, त्यात घसरून लाल झालेलं लोखंड किंवा स्टार्टरची ठिणगी. नको.

स्प्रिंगांखाली वायसर घालून दाब वाढवणं हा दुसरा प्रकार. काही दिवस चालतं. पण पेडल जड होतं, रिलीज बेअरिंग आणि क्रँकवर जादा रेटा येतो, आणि मूळ कारण आहे तिथंच राहतं.

मधून उघडताना

ट्रकसारखी वेगळी चॅसी बहुतेक ट्रॅक्टरांना नसते. इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना बोल्ट केलेले, तोच कणा. त्यामुळे प्लेटपर्यंत पोचायचं तर ट्रॅक्टर मधोमध दोन भागांत वेगळा करावा लागतो. पुढचा भाग इंजिन आणि पुढची चाकं, मागचा गिअरबॉक्स आणि मोठी चाकं.

हे काम स्वतः करू नका असं मी म्हणणार नाही; अनेक शेतकरी करतात. पण एक धोका माहीत हवा. पुढचा अॅक्सल मधल्या एका पिनवर डोलतो, खड्ड्यात चाक वर-खाली व्हावं म्हणून. ट्रॅक्टर जोडलेला असतो तोवर मागचा भाग इंजिनाला सरळ धरून ठेवतो. वेगळा केला की इंजिन त्या पिनवर एका बाजूला कलंडू शकतं. म्हणून बोल्ट काढण्याआधीच अॅक्सल आणि वरच्या बैठकीच्या मध्ये दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकायच्या. मागच्या चाकांना दगड नव्हे, नीट ओंडके. दोन्ही अर्ध्या भागांखाली घोडे, म्हणजे पक्के स्टँड; जॅक नाही. जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. बॅटरीची वायर आधी सोडा. फरशी सपाट हवी. शेताच्या कडेला हे काम होत नाही.

आतली धूळ हवेच्या पाइपनं उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात गेलं की बाहेर येत नाही. ओल्या फडक्यानं पुसा.

नुसती प्लेट बदलली तर?

पैसे वाचतील असं वाटतं. पण हिशेब उलटा आहे: या दुरुस्तीत खर्च आणि दिवस जातात ते ट्रॅक्टर उघडण्यात. सील आणि बेअरिंग त्या मानानं किरकोळ, आणि नंतर त्यांच्यासाठी परत तेवढंच उघडावं लागतं. म्हणून उघडलाच आहे तर रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलच्या मध्यात बसणारं छोटं पायलट बेअरिंग आणि दोन्ही सीलं बदलून टाकावीत.

सील बदलताना शाफ्टवर नखानं चाचपून बघा. वर्षानुवर्षं सीलची कड एकाच जागी घासून तिथं खाच पडलेली असेल, तर नवं सीलही गळणार. त्यावर बाही चढवतात किंवा सील थोडं पुढे-मागे बसवतात. आणि इंजिनच्या आतली हवा-धूर बाहेर सोडणारी ब्रीदर नळी बुजलेली असेल किंवा पिस्टनच्या रिंगा झिजून क्रँककेसमध्ये धूर कोंडत असेल, तर आतला दाब चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो. आमच्याकडे नेमकी ब्रीदर चिखलानं भरलेली निघाली.

फ्लायव्हीलच्या तोंडावर निळे डाग, बारीक चिरा, चकाकलेला आरसा दिसतो का? हलकं असेल तर लेथवर फेस मारून घेता येतं. काही फ्लायव्हीलांना पायरी असते, म्हणजे प्लेट बसते ती पातळी आणि प्रेशर प्लेट बोल्ट होते ती पातळी वेगळी. लेथवाल्यानं एकीवरूनच माल काढला तर दोन्हींतलं अंतर बदलतं आणि नवी प्लेट पहिल्या दिवसापासून कमी दाबली जाते. जेवढं इथून, तेवढंच तिथून. हे त्याला तोंडानं सांगा आणि उभं राहून करून घ्या. चिरा खोल असतील तर फ्लायव्हील बदलायचं.

प्रेशर प्लेट निळी पडली असेल तर तिच्या स्प्रिंगा तापून गेल्यात असं समजा. फिंगरची उंची सगळीकडे सारखी हवी, मॉडेलच्या गेजनं मोजून. एक उंच, दोन खाली अशी सोडली तर पकड सुटताना प्लेट तिरकी घासते. प्लेट बसवताना तिची बाजू बघा. फुगीर हब साधारण गिअरबॉक्सकडे जातो, आणि कोणती बाजू कुठं ते बऱ्याचदा प्लेटवरच छापलेलं असतं. ती मध्यात धरायला जुना शाफ्ट वापरतात. जोडताना मागचा भाग बोल्टनं आवळून ओढू नका. शाफ्ट प्लेटमध्ये हातानं सरकला पाहिजे, नाहीतर प्लेटचा हब वाकतो. आणि ग्रीस लागलेल्या बोटांनी नव्या लायनिंगला हात लावू नका, एवढं केल्यावर तर नकोच.

बटणवाली प्लेट टाकू का?

लायनिंगऐवजी धातूमिश्रित जाड बटणं असलेली प्लेट जास्त उष्णता सोसते. दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्यांना ती आवडते. पण ती झटक्यानं पकडते, फ्लायव्हील लवकर खाते, आणि त्या झटक्याचा मार गिअरबॉक्सला बसतो. सील गळत असेल तर तिचाही उपयोग नाही. रोज जड ओढकाम असेल तर विचार करा; महिन्यातून चार दिवस नांगरट असेल तर साधी पुरते.

बसवल्यानंतर

नवं लायनिंग फ्लायव्हीलवर नीट बसेपर्यंत दोन-चार दिवस हलकी कामं घ्या. त्या काळात ते थोडं झिजतं, त्यामुळे प्ले पुन्हा मोजून सेट करावा लागतो. हे बहुतेक जण विसरतात आणि नव्या प्लेटला दोष देतात.

ड्रायव्हरचा पाय हे उरलेलं दुखणं. पेडलवर पाय टेकवून ठेवणं, चढावर ब्रेकऐवजी अर्ध्या क्लचवर ट्रॉली थोपवून धरणं, वरच्या गिअरमध्ये जोर करून उचलणं. आमच्या ट्रॅक्टरवर बसणाऱ्या पोराला आण्णांनी सांगून बघितलं, ओरडून बघितलं, शेवटी पेडलच्या शेजारी पाय ठेवायला एक लोखंडी पट्टी वेल्ड करून घेतली. त्यावर तो ऐकला.

सीलं आणि ब्रीदर झाल्यावर तीच तिसरी प्लेट बसली. खालच्या भोकात नवी पिन घातली. दर रविवारी ट्रॅक्टर धुताना मी ती बोटानं हलवून बघतो. तीन हंगाम झाले, कोरडी आहे.